पंचवीस मीटरची धाव

बार्सिलोना ऑलिम्पिक, १९९२. महिला जिम्नॅस्टिक्समधलं सांघिक सुवर्ण जिंकलेल्या सहा मुली विजयमंचावर उभ्या होत्या आणि वर चढणारा झेंडा त्यांच्यातल्या एकीच्याही देशाचा नव्हता. आदल्या डिसेंबरात सोव्हिएत संघ मोडीत निघाला होता. त्यातून फुटलेल्या बारा देशांचे खेळाडू ‘युनिफाइड टीम’ अशा तात्पुरत्या नावाखाली खेळत होते. झेंडा ऑलिम्पिकचा, गीतही ऑलिम्पिकचंच. स्वेतलाना बोगिन्स्काया आणि तातियाना गुत्सू ही त्या संघातली मोठी नावं. त्यांच्या शेजारी बुखारा शहरात जन्मलेली, सतरा वर्षांची ओक्साना चुसोवितिना होती. फ्लोअर एक्सरसाइजची जगज्जेती होऊन तिला वर्षही झालं नव्हतं.

या सहापैकी पाच जणी १९९६च्या अटलांटानंतर ऑलिम्पिकमध्ये दिसल्या नाहीत. त्यात नवल काहीच नव्हतं. पाचव्या-सहाव्या वर्षी सुरुवात करायची, सोळा-सतराव्या वर्षी शिखर गाठायचं आणि विशीत निवृत्त व्हायचं, असाच त्या काळच्या महिला जिम्नॅस्टचा आयुष्यक्रम होता. ओक्साना मात्र बार्सिलोना धरून आठ ऑलिम्पिक खेळली. शेवटचं टोकियोत, २०२१ साली, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी. इतक्या वयाची दुसरी महिला जिम्नॅस्ट ऑलिम्पिकमध्ये आजवर उतरलेली नाही.

हा विक्रम ऐकला की ‘वय म्हणजे नुसता आकडा’ असं काहीतरी पटकन ओठांवर येतं. जिम्नॅस्टिक्सच्या बाबतीत ते खरं नाही. लहानखुऱ्या, हलक्या शरीराला हवेत वेगानं फिरणं सोपं जातं, हे साधं भौतिकशास्त्र आहे. घोटे, गुडघे, पाठ आणि मनगटं वर्षानुवर्षं आदळून झिजतात, हेही तितकंच खरं. प्रश्न एवढाच, की विशीत संपणं हा शरीराचा कायदा होता, की एका काळानं पाडलेली रीत?

खेळाचा इतिहास दुसऱ्या बाजूनं साक्ष देतो. हंगेरीच्या आग्नेस केलेतीनं १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदकं जिंकली, तेव्हा ती पस्तीस वर्षांची होती. सोव्हिएत संघाची लारिसा लातिनिना १९५८ची जागतिक स्पर्धा गरोदरपणात खेळली आणि जिंकली. त्या पिढीत जिम्नॅस्टिक्स हा बायकांचा खेळ होता. मुलींचा तो सत्तरच्या दशकात झाला. १९७२मध्ये सतरा वर्षांच्या ओल्गा कोर्बुतनं जग वेडं केलं, १९७६मध्ये चौदा वर्षांच्या नादिया कोमानेचीनं मॉन्ट्रियलमध्ये ऑलिम्पिकमधला पहिला ‘परफेक्ट टेन’ मिळवला. कसरती अवघड होत गेल्या, प्रशिक्षक लहान शरीरं शोधू लागले आणि बालवयातल्या मुलींना दिवसदिवस राबवणाऱ्या यंत्रणा उभ्या राहिल्या. पुढे आंतरराष्ट्रीय संघटनेला किमान वय ठरवावं लागलं: १९८१पासून पंधरा, १९९७पासून सोळा. ओक्साना याच यंत्रणेत घडली. १९८८मध्ये ती सोव्हिएत संघाची ज्युनिअर राष्ट्रीय विजेती होती. तिचे पाय भक्कम झाले ते त्या शिस्तीमुळे. पण कधी थांबायचं, याचा त्या यंत्रणेचा हिशेब तिनं कधीच मानला नाही.

देश फुटल्यावर ती उझबेकिस्तानकडून खेळू लागली. जिथे सोव्हिएत व्यवस्थेचा पैसा, डॉक्टर, वैज्ञानिक, सगळं हाताशी होतं, तिथे आता जुनी साधनं आणि तुटपुंजा निधी उरला. तरी अटलांटा झालं. मग उझबेकिस्तानचा कुस्तीगीर बाखोदिर कुर्बानोव्ह याच्याशी लग्न झालं आणि नोव्हेंबर १९९९मध्ये मुलगा झाला, अलिशेर. पुढच्या सप्टेंबरात ती सिडनी ऑलिम्पिकमध्ये होती. बाळ दहा महिन्यांचं.

सिडनीतली एक घटना सांगायला हवी, कारण ओक्सानाचा आवडता प्रकार म्हणजे व्हॉल्ट किती निर्दय आहे, ते तिच्यावरून समजतं. वैयक्तिक सर्वसाधारण अंतिम फेरीत व्हॉल्टचा घोडा चुकून पाच सेंटिमीटर खाली लावला गेला होता. पाच सेंटिमीटर म्हणजे हाताची तीन बोटं. तेवढ्यानं जगातल्या उत्तमोत्तम मुली एकीमागून एक कोसळल्या. चूक लक्षात येईपर्यंत निम्मी स्पर्धा झाली होती. पुढच्याच वर्षी अरुंद घोडा जाऊन रुंद, तिरक्या पृष्ठभागाचं टेबल आलं. महिलांसाठी त्याची उंची १२५ सेंटिमीटर.

व्हॉल्टमध्ये धाव जास्तीत जास्त पंचवीस मीटरची. धावत येऊन स्प्रिंगबोर्डवर दोन्ही पाय आपटायचे, उलटं होत तळहात टेबलावर टेकायचे आणि खांद्यांच्या जोरावर स्वतःला वर फेकायचं. हा धक्का जिम्नॅस्टच्या भाषेत ‘ब्लॉक’. हात टेबलाला लागतात आणि सुटतात तो काळ डोळ्यांना जाणवतही नाही, पण पुढचं सगळं त्यावर ठरतं. ओक्सानाच्या नावानं ओळखला जाणारा व्हॉल्ट असा: हातांवरून उसळी, मग शरीर सरळ ताठ ठेवून पुढच्या दिशेनं एक कोलांटी आणि त्याच कोलांटीत दीड गिरकी. त्या दीड गिरकीमुळे उतरताना तोंड टेबलाकडे वळतं. मॅटवर पाय टेकेपर्यंत सगळं मिळून काही सेकंद.

तिच्या दीर्घ कारकिर्दीचं एक कारण या काही सेकंदांत आहे. बीमवर दीड मिनिट तोल सांभाळायचा असतो, बारवर तळहात सोलून निघतात, फ्लोअरवर पुन्हा पुन्हा आदळावं लागतं. व्हॉल्टला लागतो वेग, पायांतली ताकद आणि हवेत आपण नेमके कुठे आहोत याची जाण. पहिल्या दोन गोष्टी नीट जपल्या तर बरीच वर्षं टिकतात आणि तिसरी अनुभवानं वाढतच जाते. ओक्साना तरुणपणी चारही साधनांवर खेळायची. वय वाढलं तशी तिनं व्हॉल्टवर सगळी भिस्त ठेवली. काय सोडायचं हे तिला वेळेवर कळलं, आणि माझ्या मते तिच्या चिकाटीइतकंच श्रेय या शहाणपणाला द्यायला हवं. जागतिक स्पर्धांमध्ये तिनं एकट्या व्हॉल्टमध्ये नऊ पदकं मिळवली. पहिलं १९९१चं, शेवटचं २०११चं. दोन्ही रौप्य, मध्ये वीस वर्षं.

२००२ साली अलिशेरला रक्ताचा कर्करोग झाल्याचं निदान झालं. तो तीन वर्षांचाही नव्हता. उझबेकिस्तानात त्याच्या आजारावर पुरेसे उपचार नव्हते. जर्मनीत कोलोनला ते होते, पण त्यासाठी लागणारा पैसा या कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा होता. कोलोनच्या टोयोटा क्लबचे प्रशिक्षक शाना आणि पीटर ब्रुगेमान यांनी हात पुढे केला. ओक्सानानं कोलोनला यावं, क्लबसाठी खेळावं, मुलावर तिथंच उपचार व्हावेत, असं ठरलं. जगभरच्या जिम्नॅस्टिक्सप्रेमींनीही वर्गणी गोळा केली. उरलेली तोंडमिळवणी बक्षिसांच्या रकमेतून करायची होती आणि बक्षीस मिळवायचं तर जिंकणं भाग होतं. आपण खेळलो नाही तर मुलगा जगणार नाही, हे तिनं तेव्हा अगदी सरळ शब्दांत सांगितलं होतं. २००३मध्ये अमेरिकेत अनाहाइमला झालेल्या जागतिक स्पर्धेत तिनं व्हॉल्टचं सुवर्ण जिंकलं. वय अठ्ठावीस, आणि मुलाचे उपचार चालू.

जर्मनीचं नागरिकत्व तिला २००६मध्ये मिळालं आणि ती त्या देशाकडून खेळू लागली. बीजिंगला, २००८मध्ये, व्हॉल्टची अंतिम फेरी अटीतटीची झाली. उत्तर कोरियाची हाँग उन-जोंग १५.६५० गुणांवर पहिली, ओक्साना १५.५७५वर दुसरी, यजमान चीनची चेंग फेई १५.५६२वर तिसरी. तेहेतिसाव्या वर्षी ओक्सानाला आयुष्यातलं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळालं. त्याच सुमारास अलिशेर आजारातून बाहेर आल्याचं डॉक्टरांनी सांगितलं.

बहुतेक लेख आणि बहुतेक व्हिडिओ इथे थांबतात. आईनं मुलासाठी केलेला त्याग म्हणून ही गोष्ट डोळ्यांत पाणी आणते आणि ते योग्यच आहे. पण तेवढीच सांगितली तर ओक्सानावर अन्याय होतो. कारण मुलगा बरा झाला, उपचारांचा खर्च भागला, पदक मिळालं, म्हणजे खेळण्याचं सक्तीचं कारण संपलं, तेव्हा तिच्या कारकिर्दीतली आणखी तीन ऑलिम्पिक शिल्लक होती. २००८च्या अखेरीस तिच्या टाचेची शीर तुटली. या खेळात त्या दुखापतीनं अनेकींना घरी बसवलंय. ती परतली, २०११मध्ये टोकियोतल्या जागतिक स्पर्धेत रौप्य घेतलं, लंडन ऑलिम्पिकमध्ये पाचवी आली. लंडननंतर निवृत्ती जाहीर केली आणि लवकरच ती मागे घेऊन पुन्हा उझबेकिस्तानकडून खेळायला लागली. हे सगळं कुणासाठी? तिच्या स्वतःसाठी. बाईनं मुलासाठी झिजावं हे समाजाला चटकन समजतं. चाळिशीतल्या बाईला धावत जाऊन हवेत कोलांटी मारायला आवडतं, म्हणून ती मारते, हे समजायला जड जातं. ओक्साना हे दुसरं उत्तर मुलाखतींमधून इतकी वर्षं हसतमुखानं देत आली आहे.

आपल्याकडच्या अनेकांनी तिला पहिल्यांदा पाहिलं ते १४ ऑगस्ट २०१६च्या रात्री, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या रात्री. सगळे जागे होते ते आगरतळ्याच्या दीपा कर्माकरसाठी. ऑलिम्पिकला पात्र ठरलेली ती पहिली भारतीय महिला जिम्नॅस्ट, आणि रिओच्या व्हॉल्टच्या अंतिम फेरीत ती ‘प्रोदुनोव्हा’ मारणार होती. रशियाच्या येलेना प्रोदुनोव्हाच्या नावाचा हा व्हॉल्ट म्हणजे हातांवरून उसळल्यावर पुढच्या दिशेनं एक नाही, दोन कोलांट्या, गुडघे पोटाशी घेऊन. गिरकी नसल्यानं उतरताना जमीन नजरेत येत नाही. पाय कधी सोडायचे, हे अंदाजानं ठरवायचं. अंदाज थोडा चुकला तर मानेवर पडण्याचा धोका.

त्या रात्री हा व्हॉल्ट दोघींनी मारला: तेवीस वर्षांच्या दीपानं आणि एक्केचाळीस वर्षांच्या ओक्सानानं. दीपा खोल बैठकीत गेली, पण पाय आधी टेकले. ओक्सानाचेही पाय टेकले, पण वेग आवरला नाही आणि ती पुढे गडगडत गेली. दीपा १५.०६६ गुणांसह चौथी आली. कांस्यपदकापासून ती ०.१५ गुणांनी दूर राहिली. ओक्साना १४.८३३ गुणांसह सातवी. तिनं आपला नेहमीचा, सवयीचा व्हॉल्ट मारला असता तर ती सुखरूप उभी राहिली असती, पण पदकाच्या आसपासही पोहोचली नसती. सहभागाचं कौतुक करून घ्यायला ती रिओला गेलीच नव्हती. त्या स्पर्धेनंतर प्रोदुनोव्हाचे काठिण्यगुण ७.० वरून ६.४ वर आणले गेले. मुलींनी जिवावर उदार होऊ नये, म्हणून ते बरंच झालं.

टोकियोत, २०२१च्या जुलैमध्ये, करोनामुळे प्रेक्षकांच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. पात्रता फेरीत ओक्साना चौदावी आली. पहिल्या आठांना अंतिम फेरीचं दार उघडतं, म्हणजे तिची स्पर्धा तिथेच संपली. तेव्हा इतर देशांच्या जिम्नॅस्ट, प्रशिक्षक आणि स्वयंसेवक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले आणि ती रडली. टाळ्या वाजवणाऱ्यांत तिच्या मुलाहूनही लहान मुली होत्या. निवृत्ती पुन्हा जाहीर झाली आणि पुन्हा मागे घेतली गेली.

मे २०२४मध्ये जिम्नॅस्टिक्सची आशियाई अजिंक्यपद स्पर्धा ताश्कंदला भरली, तिच्या घरी. पॅरिस ऑलिम्पिकला पोहोचायची तिची ती शेवटची संधी होती, नववं ऑलिम्पिक. दुखापतीमुळे तिला उतरताच आलं नाही. त्याच स्पर्धेत व्हॉल्टचं सुवर्ण दीपा कर्माकरनं जिंकलं. या स्पर्धेतलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. गुडघ्याची शस्त्रक्रिया आणि एकवीस महिन्यांची बंदी, एवढं मागे टाकून ती तिथे पोहोचली होती. त्या वर्षी ऑक्टोबरात दीपानं निवृत्ती घेतली, एकतिसाव्या वर्षी.

पॅरिसमध्ये सर्वसाधारण विजेतेपद सिमोन बाइल्सनं जिंकलं, ती सत्तावीस वर्षांची होती. १९५२नंतर इतक्या वयाची विजेती झाली नव्हती. तिच्या मागे दुसरी आलेली ब्राझीलची रेबेका आंद्राद पंचवीस वर्षांची. हा बदल एकट्या ओक्सानानं घडवला, असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. किमान वयाचा नियम, दुखापतींवरचे सुधारलेले उपचार आणि मुलींच्या छळाविरुद्ध उघडपणे बोलणाऱ्या खेळाडू, या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. पण पंचविशीत निवृत्तीचा प्रश्न विचारणाऱ्या पत्रकाराला या मुली उत्तर देतात, तेव्हा एक उदाहरण त्यांच्या डोळ्यांसमोर चालतंबोलतं असतं. २०१७मध्ये आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स हॉल ऑफ फेमनं ओक्सानाला सामावून घेतलं. हा मान सहसा खेळ सोडलेल्यांना मिळतो. ओक्साना तेव्हाही खेळत होती. १९ जून २०२५ला ती पन्नास वर्षांची झाली. त्या वर्षीही वर्ल्ड कप स्पर्धांच्या व्हॉल्टच्या यादीत तिचं नाव होतं.