कार्ड बदललं, तरी अलार्म तोच

सीएनसी मशीनवर सर्वो अलार्म आला की शॉपमधला पहिला निष्कर्ष ठरलेला असतो: "ड्राइव्हचं कार्ड गेलं!" भोसरी असो, सातपूर असो की शिरोली, उभ्या मशीनपायी दर तासाला बुडणारं काम मालकाला दिसत असतं. त्यामुळे नवं कार्ड मागवण्याची घाई समजण्यासारखी आहे. पण ते बसवल्यावर तोच अलार्म पुन्हा आला, किंवा नवं कार्डही जळालं, तर खर्च दोनदा होतो आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो.

सर्वो अँप्लिफायरचं काम थोडक्यात असं. जपानी बनावटीच्या बहुतेक मशीनांसाठी आपल्याकडचा 415 व्होल्टचा पुरवठा ट्रान्सफॉर्मरने सुमारे 200 व्होल्टवर आणतात. पॉवर सप्लाय मॉड्यूल त्याचा डीसी करतं. 200 ला 1.414 ने गुणलं की येणारे सुमारे 283 व्होल्ट डीसी लिंकवर उभे असतात. पॉवर मॉड्यूलमधले ट्रान्झिस्टर हा डीसी अतिशय वेगाने तोडत-जोडत मोटरला हवा तसा थ्री-फेज प्रवाह देतात. कंट्रोल कार्ड त्यांना इशारे पोचवतं आणि मोटरच्या प्रवाहावर नजर ठेवतं. म्हणजे एकाच डब्यात कंट्रोल कार्ड, वायरिंग बोर्ड आणि पॉवर मॉड्यूल अशा वेगवेगळ्या वस्तू असतात. "कार्ड गेलं" म्हणताना यातलं नेमकं काय गेलं, हे पुष्कळदा कुणी पाहिलेलंच नसतं.

1972 साली फुजित्सूपासून वेगळ्या झालेल्या फॅनुक या जपानी कंपनीचे ड्राइव्ह आपल्या कारखान्यांत भरपूर दिसतात, म्हणून उदाहरण त्यांचंच घेऊ. फॅनुकचा 401 अलार्म सांगतो की अँप्लिफायर 'तयार' असल्याचा संकेत मिळत नाही. तो का मिळत नाही, हे त्या आकड्यात नसतं. इमर्जन्सी स्टॉपचं सर्किट, मुख्य कॉन्टॅक्टर, पॉवर सप्लाय मॉड्यूल, एखादी सैल केबल, कारण यांपैकी काहीही असू शकतं. एक अक्ष ट्रिप झाला की शेजारच्या निरोगी अक्षावरही हा अलार्म उमटू शकतो. म्हणून पडद्यावरचा आकडा वाचून थांबू नये; पॅनेल उघडून अँप्लिफायरवरच्या छोट्या डिस्प्लेत काय दिसतंय तेही पाहावं.

तिथे जुन्या आल्फा मालिकेत '8' दिसला, तर पहिल्या अक्षाच्या प्रवाहाने मर्यादा ओलांडलेली असते. इथेच सर्वाधिक कार्डं विनाकारण बदलली जातात. प्रवाह वाढण्याचं कारण मोटरमध्ये झिरपलेला कूलंट असू शकतो, किंवा केबल चेनमध्ये घासून सोललेली वायर. पुरवठा बंद करून, मोटरची पॉवर केबल अँप्लिफायरपासून सोडवून, 500 व्होल्टच्या मेगरने प्रत्येक फेज आणि अर्थ यांच्यातलं इन्सुलेशन मोजायचं. फॅनुकच्या निकषानुसार 100 मेगओहम किंवा त्याहून अधिक म्हणजे मोटर ठीक; 10 ते 100 म्हणजे ऱ्हास सुरू झाला; 1 ते 10 म्हणजे तो बराच पुढे गेला; 1 च्या खाली आलं तर मोटर बदलायची. मेगर अँप्लिफायरला किंवा एन्कोडरला मात्र चुकूनही लावू नये. मोटरची तार काढून मशीन चालू केल्यावर अलार्म येतच नसेल, तर दोष बहुधा अँप्लिफायरच्या बाहेर आहे. ही चाचणी उभ्या झेड अक्षावर करताना हेड आधी भक्कम टेकूवर घ्यावं. ब्रेक सुटला की ते खाली येतं, आणि खाली माणसाचा हात असू शकतो.

दुसरा गैरसमज भीतीतून आलेला आहे: बोर्ड बदलला की मशीनचे सगळे पॅरामीटर पुसले जातात. फॅनुकमध्ये सर्वोचे पॅरामीटर सीएनसीच्या मेमरीत असतात, अँप्लिफायरमध्ये नाहीत. उलट मित्सुबिशीच्या एमआर-जे4 किंवा यास्कावाच्या सिग्मा मालिकेत ते अँप्लिफायरमध्येच राहतात, त्यामुळे तिथे आधी बॅकअप हवाच. फॅनुकच्या आल्फा-आय मालिकेत निराळाच धोका आहे. अ‍ॅब्सोल्यूट एन्कोडरची 6 व्होल्टची बॅटरी अँप्लिफायरवर बसवलेली असू शकते. एन्कोडरची केबल काढली आणि बॅकअप तुटला की 300 क्रमांकाचा अलार्म येतो आणि अक्षाचा झीरो पुन्हा बसवावा लागतो. तो अंदाजाने बसवला तर टूल चेंजरचा आर्म चुकीच्या जागी स्पिंडलला भिडू शकतो. त्यामुळे जुन्या झीरोच्या खुणा आणि टूल बदलण्याची स्थिती आधीच नोंदवून ठेवावी.

"कार्ड दिसायला सारखं आहे, चालेल" हा सल्लाही तपासून घ्यावा. काही मालिकांत कंट्रोल कार्ड अनेक क्षमतांच्या अँप्लिफायरना सामाईक असतं, पण वायरिंग बोर्ड त्या-त्या क्षमतेचाच लागतो. पूर्ण पार्ट नंबर, त्यामागचं एडिशनचं अक्षर, जंपर आणि स्विच यांच्या जागा जुळल्या पाहिजेत. जुनं कार्ड काढण्याआधी मोबाइलवर त्याचे फोटो काढणं हा सगळ्यात स्वस्त विमा आहे.

पॉवर मॉड्यूल फुटलं असेल तर फक्त तेच बदलून वीज देणं महागात पडतं. त्याच झटक्यात त्याला चालवणारं ड्रायव्हर सर्किटही बिघडलेलं असू शकतं, आणि मग नवं मॉड्यूल पहिल्याच सेकंदाला जातं.

अक्ष उलटा धावला तर दोन वायरी अदलाबदल करण्याची सवय साध्या इंडक्शन मोटरवरून आलेली आहे. सर्वो मोटरमध्ये रोटरच्या चुंबकांची जागा एन्कोडर सांगत असतो. यू, व्ही, डब्ल्यू यांचा क्रम बदलला की हा मेळ मोडतो आणि अक्ष बेफाम सुटू शकतो किंवा अलार्म येतो. दिशा पॅरामीटरने बदलतात. फॅनुकमध्ये 2022 क्रमांकाच्या पॅरामीटरमध्ये 111 किंवा उणे 111 भरतात.

मेन स्विच बंद केला म्हणजे धोका संपला, हा गैरसमज जीवावर बेतू शकतो. डीसी लिंकचे कपॅसिटर नंतरही भारलेले राहतात. चार्जचा लाल दिवा विझेपर्यंत आणि मॅन्युअलमधली वेळ संपेपर्यंत थांबायचं, आणि मग मल्टिमीटरने मोजूनच हात घालायचा. दिवा स्वतःच बिघडलेला असू शकतो.

उन्हाळ्यात पॅनेलचं दार उघडं ठेवून समोर पंखा लावणं बऱ्याच शॉपमध्ये दिसतं. थंडावा मिळतो हे खरं, पण कूलंटची वाफ आणि धातूची भुकटी थेट कार्डांवर बसते आणि ट्रॅकमध्ये शॉर्ट होतो. दार बंद ठेवून पॅनेलचा एसी किंवा पंखा आणि फिल्टर दुरुस्त करणं हाच उपाय आहे. त्याचा दुहेरी फायदा होतो, कारण तापमान 10 अंशांनी उतरलं की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. कपाटात ठेवलेला स्पेअर ड्राइव्ह नवाच राहतो असंही नाही. सीमेन्सच्या सिनामिक्स मालिकेचा नियम सांगतो, की दोन वर्षांहून जास्त काळ पडून असलेल्या युनिटचे कपॅसिटर आधी पुन्हा फॉर्म करून घ्यावेत.

कार्ड हाताळताना अर्थिंगचा मनगटी पट्टा लावण्याचा अनेकांना कंटाळा येतो. माणसाला स्थिर विजेचा झटका साधारण 3000 व्होल्टच्या पुढे जाणवतो. काही चिप 100 व्होल्टच्या आतही दुखावतात, आणि ते दुखणं महिन्यांनी उघडं पडतं.

यातलं बरंचसं मशीन बंद पडण्याआधी करून ठेवता येतं. या आठवड्यात, सगळं सुरळीत चालू असतानाच, प्रत्येक मशीनच्या पॅरामीटरचा बॅकअप घ्या, प्रत्येक ड्राइव्हच्या नेमप्लेटचा फोटो काढा आणि मोटरचं मेगर रीडिंग तारखेसह लिहून पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा.