संशोधन प्रकल्पातील सिद्धांताचे उपयोजन : इरावती कर्वे यांच्या संशोधनाच्या संदर्भात

प्रस्तावना :
महाविद्यालयीन संशोधन प्रकल्पांत व प्रबंधांत ‘सैद्धांतिक चौकट’ हे प्रकरण बहुधा असतेच. त्यात काही विचारवंतांची मते नोंदविलेली असतात. मात्र पुढील प्रश्नावलीत, तक्त्यांत व विश्लेषणात त्यांचा मागमूस राहत नाही. असे प्रकरण वगळूनही निष्कर्ष बदलत नसतील, तर सिद्धांताचा वापर झाला असे म्हणता येत नाही. हा वापर कसा होतो, हे प्रस्तुत लेखात येरवडा येथील डेक्कन कॉलेजमधील इरावती कर्वे (१९०५-१९७०) यांच्या संशोधनाच्या आधारे स्पष्ट केले आहे.

सिद्धांत व पुरावा :
एकाच व्यवसायाच्या जातीत अनेक अंतर्विवाही गट का आढळतात? कर्वे यांचे मुंबई विद्यापीठातील गुरू गो. स. घुर्ये यांच्या मते, मूळ जातीचे विभाजन होऊन पोटजाती निर्माण झाल्या. कर्वे यांनी ‘हिंदू सोसायटी : अ‍ॅन इंटरप्रिटेशन’ (१९६१) या ग्रंथात याउलट मांडणी केली. त्यांच्या मते, असे गट मुळात स्वतंत्र असून समान व्यवसायामुळे ते एका नावाखाली ओळखले गेले.

या दोन सिद्धांतांतून भिन्न अपेक्षा निष्पन्न होतात. गट विभाजनातून झाले असतील, तर त्यांच्या शरीरवैशिष्ट्यांत, चालीरीतींत व अवजारांत साम्य अपेक्षित आहे. स्वतंत्र असतील, तर भेद. त्यामुळे कुंभारांपैकी कोण थोर चाक वापरतो व कोण लहान, ही साधी नोंदही पुरावा ठरते. १९६८ मध्ये कर्वे व कैलाश मल्होत्रा यांनी समान दर्जाच्या आठ अंतर्विवाही गटांची जैविक तुलना प्रसिद्ध केली. काय मोजावे, हे येथे सिद्धांतानेच ठरविले.

सिद्धांताच्या मर्यादा :
तथापि, दीर्घकाळ अंतर्विवाह पाळणारे गट एकाच मुळातून निघाले असले, तरी कालांतराने भिन्न होऊ शकतात. म्हणून केवळ भेद आढळणे हा निर्णायक पुरावा नव्हे. पर्यायी स्पष्टीकरणाचाही विचार आवश्यक ठरतो.

पुरावा प्रतिकूल असल्यास काय करावे, याचे उदाहरण कर्वे यांच्या बर्लिन येथील संशोधनात मिळते. मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांनी कवटीच्या असममितीचा संबंध वंशभेदाशी जोडला होता. कवट्यांच्या मोजमापातून या गृहीतकास आधार मिळाला नाही आणि कर्वे यांनी तसाच निष्कर्ष नोंदविला.

समारोप :
प्रकल्पाचा आराखडा करताना संशोधकाने तीन प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवणे उपयुक्त ठरते. निवडलेल्या सिद्धांतामुळे कोणती माहिती गोळा करणे आवश्यक ठरते? त्याच माहितीचे दुसरे कोणते स्पष्टीकरण संभवते? आणि काय आढळल्यास हा सिद्धांत अपुरा मानावा लागेल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येत नसेल, तर क्षेत्रकार्यास प्रारंभ करण्यापूर्वी आराखड्याचा पुनर्विचार करणे इष्ट होय.