कांगेक : आशेचं बेट

ग्रीनलंडची राजधानी नूक. तिथल्या फ्योर्डच्या तोंडाशी, उघड्या समुद्राला भिडून खडकाळ बेटं पसरली आहेत. त्यांतल्या कांगेक गावात आज कायमची वस्ती नाही. ओस पडलेली लाकडी घरं तेवढी उरली आहेत. झाड औषधालाही सापडत नाही आणि बोटीखेरीज इथं यायला वाट नाही. इतिहासाच्या पुस्तकांत हे गाव येतं ते हान्स एगेडे या पाद्र्यामुळे. मला मात्र या जागेवर आणखी दोघांचा मोठा हक्क वाटतो : त्याची पत्नी गेरट्रुड आणि इथलाच चित्रकार आरोन.

एगेडे उत्तर नॉर्वेतल्या लोफोटेन बेटांवर धर्मोपदेशक होता. मध्ययुगात ग्रीनलंडला जाऊन राहिलेल्या नॉर्स लोकांची तीनशे वर्षं काही खबर नव्हती. त्यांना शोधून काढायचं, असं त्याच्या मनानं घेतलं. गेरट्रुडचा आधी कडवा विरोध होता. एकदा मन वळल्यावर मात्र नवऱ्याचा धीर सुटला तेव्हा तिनंच त्याला सावरलं. डेन्मार्क-नॉर्वेचा राजा चौथा फ्रेडरिक याचा या मोहिमेला पाठिंबा मिळाला. याच राजानं धाडलेले मिशनरी १७०६ मध्ये तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीला पोहोचले होते. त्या मिशनमधून आलेला श्वार्ट्‌झ पुढे तंजावरच्या सरफोजीराजांचा गुरू झाला.

१७२१ च्या मे महिन्यात ‘हाबेट’, म्हणजे ‘आशा’, हे जहाज बर्गेनहून निघालं. एगेडे दांपत्य, त्यांची चार मुलं आणि चाळीसेक माणसं घेऊन, बर्फातून वाट काढत ते ३ जुलैला इथं पोहोचलं. बेटालाही जहाजाचंच नाव मिळालं. दगड, माती आणि सोबत आणलेलं लाकूड यांचं घर उभं राहिलं. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला ते नॉर्स लोक कधी भेटलेच नाहीत. त्यांच्या वसाहती पंधराव्या शतकातच संपल्या होत्या. भेटले ते सील मारून जगणारे इन्युइट. ही भूमी त्यांचीच होती.

पहिला हिवाळा जीवघेणा ठरला. स्कर्व्हीनं माणसं खंगली. रसद घेऊन येणारं जहाज वेळेवर आलं नाही, तेव्हा सगळ्यांनी परतायचं ठरवलं, एगेडेही डळमळला. गेरट्रुडनं सामान बांधायलाच नकार दिला. जहाज येईल, असं ती सांगत राहिली आणि ते आलं. ती ठाम राहिली नसती, तर ही वसाहत वर्षभरातच मोडली असती.

मुलांनी हे बेट वेगळ्या तऱ्हेनं आपलंसं केलं. इन्युइट पोरांसोबत वावरताना थोरल्या पोलला त्यांची भाषा वडिलांपेक्षा चांगली येऊ लागली. पुढे त्यानंच ग्रीनलंडी शब्दकोश केला आणि १७६६ मध्ये बायबलच्या नव्या कराराचा अनुवाद पूर्ण केला. बापाचा स्वभाव मात्र तापट होता. अंगाक्कुक, म्हणजे तिथले मांत्रिक-वैद्य, यांच्यावर त्यानं हात उचलल्याच्याही नोंदी आहेत. ही बाजू झाकून त्याचं कौतुक करू नये.

१७२८ मध्ये वस्ती मुख्य भूमीवर हलली. आजचं नूक शहर त्यातूनच वाढलं. १७३३ मध्ये कोपनहेगनहून आलेल्या जहाजातून देवीची साथ पसरली आणि गावंच्या गावं ओस पडली. गेरट्रुडनं रोग्यांना स्वतःच्या घरात ठेवून त्यांची शुश्रूषा केली. १७३५ च्या डिसेंबरात ती वारली. दुसऱ्या वर्षी एगेडे तिचं शव घेऊन कोपनहेगनला परतला.

एगेडे इथं उतरल्यानंतर शंभरेक वर्षांनी, १८२२ मध्ये, कांगेकला आरोनचा जन्म झाला. सील मारणारा हा शिकारी क्षयानं अंथरुणाला खिळला. डॅनिश अधिकारी हिनरिक रिंक लोककथा जमवत होता. त्यानं आरोनला कागद आणि रंग पुरवले. जुन्या नॉर्स वसाहतवाल्यांशी झालेल्या झगड्यांच्या कथा आरोननं जलरंगांत उतरवल्या. एगेडे ज्यांना शोधत आला, त्यांची गोष्ट त्याच किनाऱ्यावर इन्युइट नजरेतून चितारली गेली. ही चित्रं अनेक दशकं डेन्मार्कमध्ये होती, १९८२ मध्ये ती ग्रीनलंडला परत आली. आरोनचं गाव मात्र तेव्हा उरलं नव्हतं. छोट्या वस्त्या मोडून माणसं शहरात आणण्याच्या डॅनिश धोरणात १९७० च्या दशकात कांगेक रिकामं झालं.

नूकला गेलात तर टेकडीवरचा एगेडेचा पुतळा दिसेलच. पण कांगेकची बोट धरण्याआधी राष्ट्रीय संग्रहालयात जाऊन आरोनची माहिती अवश्य घ्या.