जागेवर नसलेला घोडा

मुंबईत एक चौक आहे, काळा घोडा. युवराज असतानाच्या सातव्या एडवर्डचा घोड्यावर बसलेला पुतळा १९६५ मध्ये तिथून हलवला, भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. घोडा गेला, नाव मात्र तिथंच राहिलं. आणि २००४ मध्ये त्या नावाचं एक अख्खं पुस्तक आलं!

अरुण कोलटकरांचं ‘काळा घोडा पोएम्स’. कोलटकर मूळचे कोल्हापूरचे, पोटापाण्यासाठी जाहिरातींच्या धंद्यात. या चौकातल्या ‘वेसाइड इन’ हॉटेलात ते गुरुवारी दुपारी मित्रांसोबत बसत. खिडकीतून दिसणार काय? कचरा गोळा करणाऱ्या बायका, फुटपाथवरचे संसार, भटकी कुत्री. तुम्हीआम्ही चहा संपवून निघून गेलो असतो. कोलटकर वर्षानुवर्षं बघत राहिले.

त्यातून काय निघालं बघा. पहाटे चौकात एक कुत्रं पसरलंय. त्याच्या अंगावरचे ठिपके कवीला कसे दिसावेत? मुंबईच्या जुन्या नकाशासारखे, सात बेटं अजून सुटी असतानाच्या! कुलाबा, माझगाव, परळ, वरळी, माहीम... मधल्या खाड्या बुजवत, भराव घालत ही मुंबई एकसंध झाली, त्याला पिढ्या लागल्या. तो सगळा इतिहास एका गावठी कुत्र्याच्या कातडीवर! दुसऱ्या एका कवितेत जगभरातल्या शहरांचा नाश्ता आहे, आणि तिथून आपण पोचतो याच चौकात, इडल्या विकणाऱ्या बाईपाशी. फुटपाथवरची माणसं भोवती जमतात, आणि त्या न्याहारीचा थाट एखाद्या मेजवानीसारखा वाटू लागतो.

एवढीशी जागा एवढं देते कशी? गोविंद नारायण माडगांवकरांनी १८६३ मध्ये ‘मुंबईचे वर्णन’ लिहून अख्खं शहर एका ग्रंथात धरलं. तेव्हा ते जमण्याजोगं होतं. पुढे शहर अफाट वाढलं आणि लेखकांनी आपापला तुकडा पकडला. पु. लं.नी चाळ, भाऊ पाध्यांनी नाका, नामदेव ढसाळांनी गोलपिठा. मला तर वाटतं, मुंबईवरची सगळ्यात जिवंत पुस्तकं अशीच झाली आहेत: एकाच जागी मुक्काम ठोकून, तिथल्या माणसांची बोली कानात मुरेपर्यंत.

‘वेसाइड इन’ आता नाही. चौकात २०१७ पासून नवा घोडा आहे, पाठीवर स्वार नसलेला. कविता वाचा आणि एकदा सकाळी लवकर त्या चौकात जाऊन तासभर थांबा.