मीटर दाखवतो बारा व्होल्ट, पंखा मात्र फिरत नाही

फियाट कंपनीची 'एक्स १/९' ही दोन आसनांची स्पोर्ट्‌स मोटार १९७२ साली इटलीत बाजारात आली आणि १९८९ पर्यंत तयार होत होती. तिचे इंजिन आसनांच्या पाठीमागे, तर रेडिएटर पार पुढच्या टोकाला असतो. पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसडरमध्ये रेडिएटरचा पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरत असे. इंजिन चालू आहे तोवर पंखा चालणारच. एक्स १/९ मध्ये मात्र इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये प्रवाशांची जागा येते. तिथून पट्टा कसा नेणार? म्हणून विजेचा पंखा आला. १९८३ साली आपल्याकडे आलेल्या मारुती ८०० मध्येही तो होता. या सोयीबरोबर तारा, फ्यूज, रिले आणि स्विच आले, आणि बिघाडाच्या जागाही वाढल्या.

आज या मोटारी हौशी लोकांनी जपून ठेवलेल्या आहेत. त्यांची एक ठरलेली तक्रार असते: मोकळ्या रस्त्यावर सारे ठीक, पण गर्दीत अडकले की तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागतो. ही तक्रार बरेच काही सांगून जाते. वेगात असताना समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड करतो, पंख्याची गरज पडत नाही. म्हणजे संशय पंख्यावर घ्यायचा. उलट, भरधाव असतानाच पाणी तापत असेल तर पंख्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. रेडिएटर चोंदला आहे का ते पाहावे. दुर्लक्ष करणे महागात पडते. या इंजिनाचा वरचा भाग (हेड) अ‍ॅल्युमिनियमचा आणि खालचा ठोकळा बिडाचा असतो. तेवढ्याच तापमानवाढीत अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. अति तापल्यास हेड वाकते, मधले गॅसकेट फाटते आणि इंजिन उघडावे लागते.

आता परिपथ पाहू. बॅटरीकडून फ्यूजमार्गे आणि रिलेच्या संपर्कांमार्गे विद्युतधारा पंख्याच्या मोटरकडे जाते आणि मोटारीच्या लोखंडी सांगाड्यातून ('अर्थ'मधून) परत येते. ही धारा मोठी, सुमारे १० अँपिअरच्या घरातली. रिलेच्या वेटोळ्यातून जाणारी धारा अगदी लहान असते. तिला चालू-बंद करतो रेडिएटरमध्ये बसवलेला उष्णतेचा स्विच. आपल्या विजेच्या इस्त्रीत असते तशीच द्विधातूची चकती त्यात असते. पाणी साधारण ९० अंश सेल्सिअसला पोचले की चकती वाकून संपर्क जोडते.

पंखा बंद आहे. मेकॅनिक मोटरची तार सोडवतो, तिच्या टोकाला मल्टिमीटर लावतो. मीटर १२ व्होल्ट दाखवतो. निष्कर्ष: वीज येते आहे, तेव्हा मोटर जळली. नवी मोटर येते, आणि तीही फिरत नाही! बिघडले कुठे?

समजा, फ्यूजच्या पकडीवर गंज चढून तिथे ५.५ ओहमचा रोध तयार झाला आहे. सत्तरच्या दशकातल्या फियाट मोटारींत चिनी मातीचे उघडे फ्यूज दोन पितळी पट्ट्यांत दाबून बसवलेले असत, त्यामुळे ही कल्पना मुळीच दूरची नाही. डिजिटल मल्टिमीटरचा स्वतःचा रोध असतो सुमारे १ कोटी ओहम. त्यातून धारा वाहते जेमतेम एक मायक्रोअँपिअर. ओहमच्या नियमाने गंजलेल्या जागी विभवांतर पडते अवघे काही मायक्रोव्होल्ट. मीटर प्रामाणिकपणे १२ दाखवतो.

आता मोटर जोडा. थांबलेल्या मोटरच्या वेटोळ्याचा रोध ०.५ ओहम धरू. एकूण रोध ६ ओहम, धारा २ अँपिअर. गंजलेल्या जागी ११ व्होल्ट खर्च होतात आणि मोटरच्या वाट्याला उरतो १ व्होल्ट! पाते जागचे हलत नाही. शिवाय ११ व्होल्ट गुणिले २ अँपिअर म्हणजे २२ वॅट उष्णता त्या इवल्याशा सांध्यात निर्माण होते, जवळजवळ लहान सोल्डरिंग आयर्नइतकी. वितळलेली फ्यूजपेटी दिसते ती यामुळे. रोध अर्ध्या ओहमएवढाच असेल तर फसगत अधिक होते: पंखा फिरतो, पण रेंगाळत, आणि पाहणाऱ्याला वाटते की पंखा तर चालू आहे!

म्हणून मोजायचे ते धारा वाहत असताना, आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंना मीटरची टोके लावून. चांगल्या सांध्यावर वाचन शून्याच्या अगदी जवळ येते. एखाद-दोन व्होल्ट दिसले की चोर तिथेच आहे. परतीच्या, अर्थच्या बाजूलाही हेच करावे. ही बाजू लोक हमखास विसरतात. (आमच्या प्रयोगशाळेतही महागड्या उपकरणांपेक्षा साध्या जोडपिनांनीच आम्हांला अधिक छळले आहे.) वर्गात हे दाखवायला बॅटरी, १२ व्होल्टचा ६० वॅटचा हेडलाइटचा बल्ब आणि नायक्रोमच्या तारेचा तुकडा पुरे. बल्ब लावण्याआधी आणि लावल्यावर मोजा. तार चांगलीच तापते, हात लावू नये.

शोध कुठून सुरू करावा? आम्ही म्हणू, उष्णतेच्या स्विचपासून. तिथे परिपथाचे दोन भाग पडतात. किल्ली चालू ठेवून स्विचच्या दोन तारा एकमेकींना जोडा. पंखा जोरात फिरला तर मोटर, फ्यूज, रिले सारे निर्दोष, उरतो स्विच. नाही फिरला तर रिले काढून तिच्या ३० आणि ८७ या टोकांच्या जागा जाड तारेने जोडाव्यात. बहुतेक युरोपीय रिलेंवर हे आकडे छापलेले असतात. आता फिरला तर दोष रिलेत किंवा तिच्या वेटोळ्याच्या तारांत. अजूनही नाही, तर वरची विभवांतराची मोजणी करायची. हात पात्यांपासून दूर ठेवावेत, आणि गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतल्या पाण्यावर एका वातावरणाचा जादा दाब असेल तर ते १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण काढताच मात्र उसळून बाहेर येते.

स्विचच्या तारा जोडल्यावर पंखा फिरतो आणि नवा स्विच बसवूनही तक्रार कायम, असेही घडते. मग वीज सोडून पाण्याकडे वळावे. एक्स १/९ मध्ये पाणी लांब नळ्यांतून मोटारीच्या पोटाखालून पुढे येते, आणि पाणी बदलताना या वाटेत हवा अडकते. गरम पाणी रेडिएटरपर्यंत नीट पोचतच नाही. मागे इंजिन उकळत असते, पुढे स्विच कोमटच राहतो, आणि संपर्क जोडला जात नाही. अशा वेळी इंजिन थंड असताना हवा काढून पाणी पुरते भरले, की तोच स्विच काम करू लागतो.