श्वास आणि फितीची सळसळ : बिल डिक्सन यांचे एकल ट्रंपेटवादन

ट्रंपेट हे वाद्य आपल्याकडे बँडपथकांतून व चित्रपटसंगीतातून परिचित झाले. गोव्यातील आल्दोना येथील आंतोनियो शाविएर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट (१९१६–१९६७) यांचे नाव या संदर्भात सहज आठवते. तथापि साथीवाचून, केवळ एका ट्रंपेटची ध्वनिमुद्रिका ही कल्पना अपरिचितच म्हटली पाहिजे. सनईलाही मागे सूर धरणारा लागतो.

अमेरिकेतील बिल डिक्सन (१९२५–२०१०) यांनी ती चिकाटीने प्रत्यक्षात आणली. नव्या जॅझचा 'ऑक्टोबर रेव्होल्यूशन' हा महोत्सव त्यांनी १९६४ साली न्यूयॉर्क येथे भरविला. पुढे १९६८ पासून ते व्हरमाँटमधील बेनिंग्टन महाविद्यालयात अध्यापन करू लागले. त्या काळात एकांती केलेले वादन त्यांनी फितीवर टिपून ठेविले. त्यातील काही १९८५ साली 'कलेक्शन' या नावाने, तर बराच मोठा भाग २००१ साली 'ओडिसी' या सहा तबकड्यांच्या संचात प्रसिद्ध झाला. हे मुद्रण नेहमीच्या अर्थाने निर्दोष नव्हे.

तुतारीप्रमाणेच ट्रंपेटचा नादही ओठांच्या कंपनातून निघतो. मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा क्रमाने येणारे स्वर नळीला सुलभ असतात. मधल्या जागा तीन कळांनी भरून निघतात. डिक्सन मात्र नळी जेथे साथ देत नाही तेथेच रेंगाळतात. तळाच्या स्वरांना नळीचा अनुनाद पुरेसा मिळत नाही. ओठ डळमळतात आणि स्वरापेक्षा वाराच अधिक ऐकू येतो. कळ अर्धवट दाबली असता नादही असाच धूसर होतो.

येथेच फितीचा गुणधर्म आड येतो. किंबहुना सहभागी होतो. चुंबकीय लेप ध्वनी एका मर्यादेपर्यंतच यथातथ्य धारण करतो. त्यापलीकडचे आघात दबतात व त्यांत नवे उपस्वर मिसळतात. उलट अतिमंद ध्वनी फितीच्या स्वतःच्या सळसळीत बुडतो. परिणामी श्वास कोठे संपला आणि फीत कोठे सुरू झाली, हे श्रोत्याला निश्चित सांगता येत नाही. या संदिग्धतेत एक विलक्षण जवळीक आहे. परंतु म्हणून प्रत्येक दोषाला सौंदर्य म्हणणे हा भाबडेपणा होईल; दबलेला आघात हा गमावलेलाच आघात होय.

रत्नागिरीच्या परिसरातील ग्रामदेवतांच्या उत्सवांत वाजणाऱ्या शिंगाची जुनी फीत संगणकावर उतरविताना हाच प्रश्न उभा राहतो. खरखर काढण्याची प्रचलित पद्धत अशी की, शांत भागातील सळसळीचा नमुना घ्यावयाचा आणि तितका अंश सर्वत्र वजा करावयाचा. वाऱ्याचा ध्वनीही बहुतांशी तशाच घडणीचा असल्याने तोही त्याबरोबर क्षीण होतो. शिंगाचा स्वर धरण्यापूर्वीची फुंक, तुटत्या दमाचा शेवट ही वादकाच्या शरीराची साक्ष. ती पुसली जाऊन उरतो तो निव्वळ स्वर. यास्तव कोणतीही प्रक्रिया न केलेली प्रत आधी करून जतन करावी, फितीच्या वेगाची नोंद तिच्यासोबत ठेवावी, आणि स्वच्छ केलेली प्रत ऐकण्यापुरतीच वापरावी. वादकाच्या श्वासाविषयीचे कोणतेही विधान या दुसऱ्या प्रतीवरून करू नये.