जुन्या डिझेल गाडीचे बळ

काशीच्या रामघाटावर चाकाची गाडी पोहोचत नाही. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या परिसरात मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदली; परंतु त्यांच्या दारापर्यंत जाणारी वाट अद्याप पायांचीच आहे. विश्वेश्वरगंजच्या बाजारातून निघालेला माल मोठ्या रस्त्यापर्यंत पिकअपने यावा आणि पुढे गल्लीत तो माणसाने वाहावा, हाच तेथील क्रम. खाली नदीत नावांना शेतातील पंपाच्या जातीची डिझेल यंत्रे बसवण्याचा प्रघात पडला होता. ओझे वाढले की रस्त्यावर आणि पाण्यात एकच दृश्य दिसे : यंत्र कण्हते, काळा धूर ओकते आणि वेग मात्र वाढत नाही. नावांसाठी २०२१ च्या सुमारास सीएनजीवर चालणारी यंत्रे बसवण्याचे काम सुरू झाले. जुन्या पिकअपच्या मालकापुढे मात्र प्रश्न तसाच राहतो. नवी गाडी घेण्याची ऐपत नाही, आणि चढावर भरल्या ओझ्यानिशी जुनीला दम नाही.

अशा वेळी पुष्कळदा जो उपाय सुचवला जातो तो म्हणजे इंधनपंपाचा स्क्रू फिरवून डिझेलचे माप वाढवणे. उपाय स्वस्त आहे, पहिल्या दिवशी गुणही येतो. आणि म्हणूनच तो फसवा आहे.

याचे कारण डिझेल यंत्राच्या स्वभावात आहे. पेट्रोलच्या यंत्रात चालकाचा पाय हवेची वाट उघडतो-मिटतो आणि इंधन हवेच्या मागोमाग जाते. डिझेलच्या यंत्रात प्रत्येक खेपेस सिलिंडर हवेने भरून घेतला जातो. दट्ट्याने दडपलेली ती हवा इतकी तापते की तीत फवारलेले इंधन ठिणगीवाचून पेट घेते. चालकाचा पाय ठरवतो ते केवळ इंधनाचे माप. आता एक लिटर डिझेल पुरते जळण्यास सुमारे बारा किलो, म्हणजे आकारमानाने जवळजवळ दहा हजार लिटर हवा लागते. आणि निमिषार्धात प्रत्येक थेंबाला हवा गाठता येत नाही म्हणून प्रत्यक्षात याहून बरीच अधिक असावी लागते. हवा तेवढीच ठेवून डिझेल वाढवले तर वाढीव भाग अर्धवट जळतो. काळा धूर तो हाच. पैसे मोजून विकत घेतलेले इंधन काजळी होऊन बाहेर पडते. पुन्हा काशीचा उन्हाळा आहेच. जानेवारीत दहा अंशांवर असलेली हवा ज्येष्ठात पंचेचाळीस अंशांवर गेली की विरळ होते, आणि त्याच सिलिंडरात ती वजनाने सुमारे एक दशांश कमी मावते.

तेव्हा शक्ती हवी असेल तर आधी हवा वाढली पाहिजे. धुळीने तुंबलेली हवेची गाळणी, झिजलेली नोझल, बिघडलेले व्हॉल्व्हचे अंतर, ढिली पडलेली दट्ट्याची कडी ही आधी तपासावीत. गाडीचे गेलेले बळ बहुधा येथेच सापडते. ते परत मिळवण्यास नवे बळ म्हणता येणार नाही, परंतु मालकाची गरज अनेकदा एवढ्यावरच भागते.

याहून पुढचा मार्ग म्हणजे टर्बो. यंत्रातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूत इंधनाच्या उष्णतेचा मोठा भाग वाया जातो. त्या वायूने एक चक्र फिरवावे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने हवा दडपून आत ढकलावी, ही कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांची. तिचे पेटंट १९०५ सालचे. मात्र दडपलेली हवा तापते. उन्हाळ्यातील हवेचा दाब दीडपट केला तर तिचे तापमान शंभर अंशांच्या घरात जाते, आणि प्रत्यक्षात हवा मिळते ती सव्वापटच. ती वाटेत इंटरकूलरमधून निववली तर हाच लाभ दीडपटीच्या जवळ जातो. इंटरकूलरविना टर्बो म्हणजे अर्धे काम.

याचे उत्तम उदाहरण पुण्याचे आहे. टेल्कोची १९८८ मधील टाटामोबाईल पिकअप आणि १९९४ मधील सुमो यांच्या यंत्राचे आकारमान १,९४८ घनसेंटीमीटर होते. १९९८ च्या सफारीत याच आकारमानाचे यंत्र टर्बोसह आले. सत्तरच्या आतबाहेर असलेली अश्वशक्ती नव्वदच्या आसपास गेली. परंतु कारखान्यात टर्बो बसवायचा म्हणजे केवळ एक चक्र जोडायचे नसते. दट्ट्या, गॅस्केट, तेलाचा प्रवाह, पाण्याची जाळी या सर्वांचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. दट्ट्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, आणि शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांवर वितळते. ओझे घेऊन लांब चढ चढताना बाहेर पडणारा वायू याच मर्यादेच्या आसपास तापलेला असतो. वर्षानुवर्षे झिजलेल्या यंत्रावर नुसता टर्बो चढवणाऱ्याने हा धोका ओळखावा. एकदा दट्ट्या वितळला की सारा हंगाम बुडतो आणि कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. वाढलेले बळ क्लचला पेलले पाहिजे, आणि वाढलेला वेग ब्रेकला.

कायद्याची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम असे की, उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाहून नोंदणीपत्रातील तपशील वेगळा ठरेल असा फेरफार मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला. यंत्र बदलायचे तर ते परिवहन कार्यालयाच्या परवानगीने. अपघात झाल्यास विम्याचा दावा याच मुद्द्यावर अडू शकतो. मिस्त्री हे सांगत नाही, आणि ते त्याचे कामही नव्हे.

रीतसर टर्बो असलेली गाडी ज्याच्या हाती आली त्याने एक सवय मात्र लावून घ्यावी. टर्बोचे चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत असते. चढ संपवून विश्वेश्वरगंजात आलेल्या चालकाने चावी लगेच फिरवली तर तेल थांबते, चक्र मात्र फिरतच राहते, आणि तापलेल्या बेअरिंगमध्ये उरलेले तेल करपते. हमाल माल उतरवण्यास येईपर्यंत मिनिटभर यंत्र मंद चालू ठेवले की तेवढे पुरते.